नऊ दिवस पुढची भरती

१

फायबरच्या जुन्या बोटीची तब्येत बघायची तर तिला ठोकून बघावं लागतं. हातोडीनं नव्हे, हातोडीच्या लाकडी दांड्यानं. वीतभर अंतरावर एकेक ठोका द्यायचा आणि कान लावायचा. आतलं लाकूड धड असेल तर आवाज खणखणीत येतो, कुजलं असेल तर ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा. वरचा रंग कितीही गुळगुळीत असो, आवाज खोटं बोलत नाही, असं गुल्वेन कारखान्यात नव्यानं लागलेल्यांना सांगायचा. चौतीस वर्षं त्यानं काचेच्या तंतूंचं कापड रेझिनमध्ये भिजवून बोटींवर थर चढवले होते. त्या कामात त्याच्या डाव्या हाताच्या अनामिकेचं वरचं पेर गेलं, फुप्फुसं अर्ध्यावर आली, पण कान तयार झाला.

ही बोट त्याच्या लेकीची, रिवानोनची. तीस फुटी, शिडाची, पंचेचाळीस वर्षांची. कुणा म्हाताऱ्यानं गेली पाच वर्षं ती फान्श नावाच्या शेतकऱ्याच्या पत्र्याच्या गोदामात ठेवली होती, समुद्रापासून चौदा किलोमीटर आत, फ्लॉवरच्या रिकाम्या पेट्यांच्या शेजारी. म्हातारा गेला आणि रिवानोननं ती जिथल्या तिथे विकत घेतली. मग एप्रिलमधल्या एका सकाळी ती बापाच्या दारात येऊन उभी राहिली. तब्बल सहा वर्षांनी.

त्या सहा वर्षांचं कारण असं. गुल्वेनची बायको आझेनोर आजारी पडली तेव्हा रिवानोन दूरच्या समुद्रात लोकांच्या बोटी पोचवायचं काम करत होती. दर रविवारी तिचा फोन यायचा. आई बाजारात गेलीय, आई आत्ताच झोपलीय, आई ठीक आहे, असं गुल्वेन दर रविवारी सांगायचा. पोरीच्या जिवाला उगाच घोर नको, एवढाच त्याचा हिशेब. ती घरी पोचली ती आईला पुरून चार दिवस झाल्यावर. कबरीपाशी ती बापाशी एक शब्द बोलली नाही आणि त्यानंतरही नाही.

"बोट दुरुस्त करायला तुझ्याइतका चांगला माणूस मला ठाऊक नाही," ती दारातच म्हणाली. "पण अट एकच. आत जे सापडेल ते मला सांगायचं. जसंच्या तसं. माझं मन राखायला जाऊ नकोस, बाबा."

गुल्वेननं मान हलवली. त्या क्षणी तिनं घर पाडून परत बांधून दे म्हटलं असतं तरी त्यानं मान हलवली असती.

२

मे-जूनभर त्यानं बोट ठोकून काढली. वरचा डेक ठीक निघाला. खरं दुखणं तळात होतं. बोटीच्या तळातून नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, सुकाणूपर्यंत तीन लांब तुळया गेल्या होत्या, आत लाकूड आणि वरून फायबरचं वेष्टण. बोटीचा सगळा जोर त्यांच्यावर. त्या तिन्ही ओल्या पुठ्ठ्यासारख्या वाजल्या.

त्यानं लगेच रिवानोनला फोन करून सांगितलं. ती बंदरात शिडं शिवायच्या कामाला लागली होती. ऐकून ती म्हणाली, "सांगितलंस ते बरं केलंस." त्या रात्री गुल्वेनला कितीतरी महिन्यांनी शांत झोप लागली. दुसऱ्या रविवारी ती स्वतः गोदामात आली, दोघांनी पेटीवर बसून खारं लोणी लावलेली काळ्या पिठाची धिरडी खाल्ली आणि तिनं सांगून टाकलं की तिनं भाड्याची खोली सोडलीय. सप्टेंबरच्या मोठ्या उधाणाला बोट पाण्यात जाणार आणि ती बोटीवर राहायला.

ते उधाणच का, हे तिथल्या कुणालाही सांगावं लागत नाही. गोदामापासून सर्वांत जवळची सिमेंटची उतरण खाडीच्या अगदी टोकाला आहे, तिथे एवढ्या मोठ्या बोटीला पुरेल इतकं पाणी वर्षातून मोजक्या दिवशी चढतं आणि तासाभरात निघून जातं.

गुल्वेननं तळाला बाहेरून बोटभर जाडीची भोकं पाडली, म्हणजे तुळयांमधलं पाणी गळून जाईल, आणि खाली बादल्या ठेवल्या. पाणी आलं. पहिल्या दिवशी दोन बादल्या, दुसऱ्या दिवशी दोन, आठव्या दिवशीही दोनच.

"बोट सुकवतोयस की दूध काढतोयस?" फान्श म्हणाला. तो सत्तरीचा, एकटा, आणि दिवसातून एकदा तरी बोटीपाशी येऊन टोमणा मारल्याशिवाय त्याला जेवण जात नसे.

गुल्वेननं त्याला समजावलं की फायबरमध्ये कोंडलेलं लाकूड दहा वर्षंसुद्धा पाणी धरून बसतं. ते खरंही होतं. पण अशा कोंडलेल्या पाण्याला आंबूस वास येतो, बरणीत विसरलेल्या लोणच्यासारखा, आणि ते चहासारखं तपकिरी असतं. फान्श गेल्यावर गुल्वेननं बादलीत बोट बुडवून चाखलं. पाणी स्वच्छ होतं आणि थंडगार. चव ताज्या खाऱ्या पाण्याची होती आणि तळाशी हिरव्या शेवाळाचा नखाएवढा तुकडा होता, तोही ताजा.

ही गोष्ट त्यानं फोनवर सांगितली नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

३

पाणी दिवसभर गळत नसे. सकाळी तो यायचा तेव्हा कधी भोकं कोरडी असत आणि जेवणानंतर धार लागे. कधी उलट. आधी त्यानं उन्हाला दोष दिला. पत्रा तापला की आतलं लाकूड फुगत असेल आणि पाणी सोडत असेल. मग पावसाळी दिवस आले, पत्रा गार पडला आणि धार येतच राहिली.

एकदा भोकाला कान लावावा म्हणून तो तळाखाली उताणा झोपला, तर भोकाशी चिकटलेला धुळीचा धागा हलला आणि सुर्रकन आत गेला. गुल्वेननं खिशातून सुताचा तुकडा काढून भोकापुढे धरला. सूत ताठ झालं, भोकाकडे ओढलं गेलं. बोट श्वास आत घेत होती. त्यानं घड्याळ बघून मोजलं. पावणेसहा तास ती हवा ओढत राहिली, मग थोडा वेळ काहीच नाही, मग पुन्हा पहिला थेंब पडला.

त्या किनाऱ्यावर जन्मलेल्याला हे ओळखायला डोकं लागत नाही. दुसऱ्या दिवशी पहिला थेंब पन्नास मिनिटांनी उशिरा पडला, तिसऱ्या दिवशी आणखी पन्नास. गुल्वेनच्या खिशात, जशी सगळ्यांच्या खिशात असते तशी, भरती-ओहोटीची छोटी पुस्तिका होती. पण खिशाकडे हात न्यायला त्याला दोन दिवस लागले. पुस्तिका काढली म्हणजे आपण हा प्रश्न खरा धरला, असं त्याला वाटत होतं.

शेवटी काढली आणि हायसं वाटलं. वेळा जुळत नव्हत्या. त्या दिवशी समुद्राची भरती सकाळी साडेदहाला होती, आणि बोटीला भर आला तो संध्याकाळी सहानंतर. शिवाय ते भांगाचे दिवस होते, समुद्राला जेमतेम फुगवटा, आणि बोटीखाली मात्र दोन्ही बादल्या ओसंडून फरशीवर ओघळ गेले होते. म्हणजे काहीतरी दुसरं असणार. जमिनीतलं पाणी, दमटपणा, जे काय असेल ते.

तो जरा मोठ्यानंच हसला. पुस्तिका मिटताना त्याचा अंगठा दोन पानं पुढे सरकला आणि नजर तिथल्या आकड्यांवर पडली. भरती संध्याकाळी सहा वाजून आठ मिनिटं. उधाण. बोटीला भर आला तेव्हा त्याच्या घड्याळात सहा वाजून आठच मिनिटं झाली होती.

ते पान नऊ दिवसांनंतरचं होतं.

४

ऑगस्टभर त्यानं वह्या भरल्या. बोटीची वेळ आणि नऊ दिवस पुढच्या पानावरची वेळ एकदाही चुकली नाही. समुद्राला भांग असला की बोटीला उधाण यायचं आणि समुद्राला उधाण आलं की बोट निवांत असायची. त्यानं भोकांत लाकडाच्या खुंट्या ठोकल्या. संध्याकाळी त्या फरशीवर पडलेल्या सापडल्या, गोदामाच्या पार दुसऱ्या टोकाला.

त्यानं फान्शला विचारलं, इथे जमिनीखाली पाणी आहे का, खारं?

"माझ्या विहिरीला भरती येत असती," फान्श म्हणाला, "तर मी फ्लॉवर सोडून मासे विकले असते." मग त्यानं गुल्वेनच्या तोंडाकडे बघितलं आणि टोमणा अर्धा गिळला. "तू दोन दिवस घरी झोप काढ. रेझिनचा वास डोक्यात जातो माणसाच्या."

ते गुल्वेनला पटलं. पटवून घ्यावंसं वाटलं म्हणा. चौतीस वर्षं तो वास नाकात गेला होता, त्याचा कधीतरी हप्ता चुकता करावा लागणारच. तो घरी राहिला, दोन दिवस बागेतलं गवत काढलं. तिसऱ्या दिवशी आला तेव्हा फरशीवर पाणी वाळून मिठाची पांढरी रेघ उठली होती, आणि ती रेघ फान्शनंही पाहिली होती. त्यानं फ्लॉवरच्या पेट्या उचलून उंचावर ठेवल्या होत्या.

रविवारी रिवानोनचा फोन आला. तिनं बोटीसाठी पडदे शिवले होते, हिवाळा दक्षिणेत काढायचा बेत होता, आवाजात उल्हास मावत नव्हता. बोलता बोलता तिनं विचारलं, "आत आणखी काही निघालं का?"

सांगायचं असं त्यानं ठरवलं होतं. शब्दही जुळवले होते. पण ते कसे ऐकू येतील हे त्याला तिच्या श्वासातच ऐकू आलं. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, नाहीतर म्हाताऱ्याला मला जाऊ द्यायचं नाही, म्हणून नवी थाप. दोन्हींतून एकच होणार होतं. फोन ठेवला जाणार होता.

"लाकूड सुकतंय," तो म्हणाला.

"खरं ना?"

"खरं."

५

बोट पाण्यात जायची तो गुरुवार होता. त्याच्या नऊ दिवस आधीच्या मंगळवारी, संध्याकाळी, बोटीच्या आत तो गुरुवार येणार होता. गुल्वेननं बोटीत शिरून मधल्या तुळईची वरची साल कापली. दोन वीत लांब, एक वीत रुंद असा तुकडा त्यानं झाकणासारखा उचलून बाजूला ठेवला. आत लाकूड नव्हतं. लगदासुद्धा नव्हता. काळं पाणी होतं आणि ते हळूहळू वर येत होतं.

तुळई एक वीत खोल. खाली दोन बोटं जाड तळ, मग हवा, मग बादली, मग फरशी. हे त्यानं स्वतःला मोठ्यानं म्हणून दाखवलं. मग मोजपट्टीची पोलादी फीत पाण्यात सोडली. ती एक मीटर गेली, दोन गेली, चार गेली, आणि मग पट्टी संपली. तो फीत तशीच लटकती ठेवून शिडीवरून खाली उतरला आणि तळाखाली वाकून बघितलं. तळ होता, बादली होती, फरशी होती. फीत कुठे नव्हती. त्यानं हात लांबवून बोटीचा तळ चाचपला. फायबर गार आणि घट्ट.

तो परत वर गेला. जायला नको होतं असं कुणीही म्हणेल. पण ज्याच्या लेकीनं नऊ दिवसांनी या बोटीत अंथरूण घालायचं आहे तो घरी जाऊन काय करणार होता? हे पाणी जर गुरुवारचं असेल, तर गुरुवारी रिवानोन कुठे असेल हे त्याला बघायचं होतं.

सहा वाजून गेले. पाणी कडेपर्यंत आलं आणि थांबलं. त्यानं विजेरीचा झोत आत सोडला. झोत हिरवट होत खाली गेला आणि कशालाही न लागता विरला. पाणी ओसरायला लागून दोनेक तास झाले तेव्हा खालून काहीतरी वर येऊ लागलं, सावकाश, आणि तुळईच्या आतल्या भिंतीला टेकलं. हात होता. अंधारात माणूस दाराची कडी शोधतो तसा तो हात भिंतीवरून फिरत होता. डावा हात, जाड, म्हातारा. नखं रेझिननं पिवळी पडलेली. अनामिका तोकडी.

गुल्वेननं आपला डावा हात उचलून डोळ्यांपुढे धरला. मग पुन्हा पाण्यात बघितलं.

त्याला घाम फुटायला हवा होता. पण त्याच्या छातीतून आधी बाहेर पडला तो सुटकेचा श्वास. ती नव्हती. मी आहे. ती नव्हती, एवढंच त्याला पुन्हा पुन्हा वाटत राहिलं, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्या हाताच्या मागे, झोताच्या कडेला, आणखी काहीतरी फिकट हललं. गुल्वेन तिकडे बघायला थांबला नाही. हवं ते उत्तर मिळालं होतं. त्यानं कापलेला तुकडा उचलून भोकावर बसवला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला, उरलेलं पाणी उतरेपर्यंत.

६

पुढचे आठ दिवस त्यानं आयुष्यातलं सर्वांत सुरेख काम केलं. बोटीच्या ओहोटीत, भोकं श्वास आत ओढत असताना, त्यानं ती रेझिननं बुजवली आणि रेझिन आपसूक आत खेचलं गेलं. तुळयांवर कापडाचे सहा थर चढवले, एक उभा, एक आडवा, मध्ये हवेचा बुडबुडा म्हणून नाही. वर घासून रंग दिला. मग हातोडीच्या दांड्यानं ठोकून बघितलं. खणखणीत. नाळेपासून सुकाणूपर्यंत खणखणीत. कुजक्यावर इतका जाड, इतका सुबक थर चढवला की कानसुद्धा फसतो, हे चौतीस वर्षांत त्याला कळलं नव्हतं. किंवा कळलं होतं आणि त्यानं नव्यांना सांगितलं नव्हतं.

बुधवारी रिवानोननं स्वतः ठोकून बघितलं, गुडघ्यांवर रांगत, वीतवीत. मग ती तशीच बसून राहिली. "नव्यासारखी झालीय," ती म्हणाली. "काही राहिलं नाही ना सांगायचं?"

"एकच," गुल्वेन म्हणाला. "पहिल्या दिवशी मला बरोबर ने."

तिनं वर बघितलं. लहानपणी ती त्याला शंभरदा बोटीवर चल म्हणायची आणि त्याला दर वेळी काम निघायचं. ती उठली आणि तिनं त्याला मिठी मारली. तिच्या केसांना शिडाच्या कापडाचा वास येत होता. गुल्वेनला वाटलं, एवढ्यासाठी काय वाटेल ते द्यावं. आणि आपण ते दिलेलंच आहे.

७

गुरुवारी फान्शनं ट्रॅक्टरनं बोट उतरणीवर आणली. रिवानोननं नाळेवर सफरचंदाची दारू ओतली, फान्शनं उरलेली प्यायली. सहा वाजता पाणी सिमेंटच्या वरच्या कडेला लागलं आणि बोट अलगद उचलली गेली. गुल्वेन स्वच्छ शर्ट घालून आला होता. घराची कागदपत्रं आणि किल्ल्या त्यानं स्वयंपाकघराच्या टेबलावर नीट मांडून ठेवल्या होत्या. फान्शनं त्याचा हात हातात घेतला, जरा जास्तच वेळ धरला आणि सोडला.

इंजिननं कुरकुर केली म्हणून त्यांनी खाडीच्या मध्यावर तासभर नांगर टाकला, मग ते ओहोटीबरोबर निघाले. सुकाणूवर रिवानोन होती. तिला शीळ घालता येते हे गुल्वेन विसरून गेला होता. तो आत जाऊन तळाशी बसला आणि त्यानं डावा तळवा मधल्या तुळईवर ठेवला. त्याला शांत वाटत होतं. कसं होणार, कुठे होणार, ते ठाऊक नव्हतं. किनाऱ्याजवळ व्हावं, म्हणजे तिला पोहून जाता येईल, एवढंच त्याचं मागणं होतं.

थोड्या वेळानं तळव्याखाली दाब जाणवला. सहा थरांच्या पलीकडून कुणीतरी तळवा टेकला होता, त्याच्या तळव्याला तळवा लावून. गुल्वेननं हात काढला नाही. तो याचीच वाट बघत होता.

मग हातभर पलीकडे ठोका पडला. रिवानोननं जिथे आपलं अंथरूण घातलं होतं त्या फळीच्या खाली. हलका, घाईचा. मग आणखी एक, मग एकामागून एक, मुठीनं मारल्यासारखे.

त्याला मंगळवारचा झोत आठवला आणि झोताच्या कडेला हललेलं ते फिकट. बघायला तो थांबला नव्हता.

तो पायऱ्या चढून वर आला. उतरत्या उन्हात रिवानोनचा चेहरा तांबूस दिसत होता. त्याला बघून तिची शीळ थांबली.

"मागे फिरव," तो म्हणाला. "तळात पाणी आहे. पहिल्यापासून होतं. मी पाहिलं होतं आणि तुला सांगितलं नाही."

ती ओरडली नाही. कबरीपाशी जसं बघितलं होतं तसं तिनं त्याच्याकडे बघितलं. मग मान वळवून मागे बघितलं. गुल्वेननंही बघितलं. ते आले होते ती खाडी तिथे नव्हती. वळणापर्यंत दोन्ही काठांमध्ये नुसता करडा चिखल चमकत होता, त्यात पक्षी चालत होते. पुढे खाडीचं तोंड होतं आणि तोंडापलीकडे उघडा समुद्र.

"आता सांगतोस?" ती म्हणाली. "बाबा, मागे पाणीच उरलं नाही."